वाचकांचे प्रश्न : ऐतिहासिक युद्धखेळांच्या मेळाव्याला पहिल्यांदा जाताना

रंगवलेल्या छोट्या सैनिकांनिशी टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ऐतिहासिक युद्धखेळांविषयी, आणि विशेषतः त्यांच्या प्रादेशिक मेळाव्यांविषयी, आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : नेपोलियनच्या मोहिमांविषयी मी अनेक वर्षे वाचत आलो आहे, पण युद्धखेळ एकदाही खेळलेलो नाही. माझ्याजवळ ना सैनिक आहेत, ना कोणत्याही नियमावलीची मला ओळख आहे. पहिल्या वेळी मेळाव्याला नुसते पाहायला जावे का?

उत्तर : पाहायला जाऊ नका, खेळायला जा. मेळाव्यातील अनेक टेबले आपल्यासारख्यांसाठीच मांडलेली असतात, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. ज्याला सहभागाचा खेळ म्हणतात त्यात दोन्ही बाजूंचे सैन्य, डोंगर, झाडी आणि घरे, फासे, मोजपट्ट्या आणि नियमांचा संक्षेप हे सारे खेळ मांडणारा यजमान स्वतः घेऊन येतो. खेळाडूने नाव नोंदवून वेळेवर टेबलापाशी हजर व्हावे, एवढीच अपेक्षा असते. नियमांचा गाभा यजमान सुरुवातीला समजावतो आणि उरलेले खेळता खेळता कळत जातात.

याशिवाय दोन प्रकारची टेबले आपल्याला दिसतील. प्रात्यक्षिकाचा खेळ हा मुख्यतः पाहण्यासाठी असतो. एखाद्या मंडळाने कित्येक महिने खपून एखादी मोठी लढाई हुबेहूब उभी केलेली असते, तेथे थांबून प्रश्न विचारावेत, पण खेळायला मिळेल असे गृहीत धरू नये. स्पर्धेत मात्र खेळाडू स्वतःचे सैन्य घेऊन येतो आणि नियमावली त्याला तोंडपाठ असते, म्हणून पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नये.

प्रादेशिक मेळाव्याविषयी माझे मत अगदी स्पष्ट आहे. लंडनचा सॅल्यूट किंवा अमेरिकेतील हिस्टॉरिकल मिनिएचर्स गेमिंग सोसायटीचा हिस्टॉरिकॉन हे मोठे मेळावे डोळे दिपवणारे असतात. पण एका-दोन दिवसांचा, स्वयंसेवी मंडळाने भरवलेला लहान मेळावा नवख्याला अधिक मानवतो, कारण तेथे यजमानाला बोलायला सवड असते. आपण इतिहास वाचून जाणार आहात, तेव्हा आपला खरा लाभ त्या बोलण्यातच आहे. आपल्याला ठाऊक असलेली एखादी लढाई निवडा आणि खेळताना यजमानाला विचारत राहा की अमुक नियम असा का केला. चांगल्या युद्धखेळातील प्रत्येक नियम हे त्या काळातील युद्ध कसे चालत असे याविषयीचे एक विधान असते, आणि ते विधान करणारा माणूस आपल्या समोरच उभा असतो. पुस्तक वाचताना ही सोय मिळत नाही.

प्रश्न : मेळाव्याच्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक खेळापुढे «28 मिमी», «15 मिमी», «6 मिमी» असे आकडे असतात. त्यांचा अर्थ काय, आणि त्यांवरून खेळ कसा निवडावा?

उत्तर : हा आकडा साधारणपणे उभ्या सैनिकाच्या उंचीचा असतो. काही कारखानदार तळव्यापासून डोळ्यांपर्यंत मोजतात, काही डोक्याच्या टोकापर्यंत, त्यामुळे दोन कारखान्यांचे 28 मिमीचे सैनिक शेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा धिप्पाड दिसू शकतो. ढोबळमानाने 28 मिमीचा सैनिक खऱ्या माणसाच्या सुमारे साठाव्या भागाएवढा, 15 मिमीचा शंभराव्या आणि 6 मिमीचा तीनशेव्या भागाएवढा असतो.

यातून एक कोडे निर्माण होते आणि ते समजले की अर्धी नियमावली समजते. समजा, टेबल 6 फूट लांब आहे. सैनिक साठाव्या भागाएवढे असतील तर त्याच प्रमाणात ते टेबल म्हणजे 360 फुटांचे, म्हणजे सुमारे 110 मीटरचे मैदान झाले. नेपोलियनच्या काळातील बंदुकीचा मारा साधारण शंभर यार्डांपर्यंत परिणामकारक मानला जातो. म्हणजे टेबलाच्या एका टोकाला उभे असलेले पायदळ दुसऱ्या टोकाच्या शत्रूवर गोळीबार करू लागेल आणि डावपेचांना जागाच उरणार नाही. म्हणून मोठ्या लढायांच्या खेळांत जमिनीचे प्रमाण सैनिकांच्या प्रमाणापासून पूर्णपणे वेगळे ठेवतात. एक सैनिक 20 माणसांच्या जागी उभा आहे असे मानले तर 600 जणांची बटालियन 30 सैनिकांत दाखवता येते, आणि टेबलावरचे एकच घर हे संपूर्ण गाव असते. नवख्या प्रेक्षकाला हे विचित्र वाटते. नकाशावरील रस्त्याची जाडी जशी आपण खरी मानत नाही, तसेच येथे उंची खरी न मानता अंतरे खरी मानायची असतात.

निवडीपुरते सांगायचे तर आकड्यापेक्षा प्रसंगाचा आवाका पाहावा. «वॉटर्लू, संपूर्ण रणांगण, 10 खेळाडू» अशी नोंद मोहात पाडते, पण अशा खेळात प्रत्येकाची पाळी यायला वेळ लागतो आणि चार तासांत लढाई निम्म्यावरच थांबण्याची भीती असते. त्याऐवजी त्याच दिवशीची प्लाँसनवा गावातील प्रशियन सैन्य आणि नेपोलियनचे निवडक गार्ड दल यांची झुंज, चार ते सहा खेळाडू, नवख्यांना प्रवेश, अशी नोंद दिसली तर ती निवडावी. एका गावासाठी झगडताना राखीव दल केव्हा सोडावे हा एकच प्रश्न नीट अनुभवाला येतो, आणि पहिल्या खेळासाठी तेवढे पुरेसे आहे. ज्या नोंदीत खेळाडूंची संख्या, कालावधी आणि नियमावलीचे नाव दिलेले नाही, तो खेळ शक्यतो टाळावा.

प्रश्न : युद्धाचा निकाल अखेर फाशांवरच ठरणार असेल तर त्याला इतिहासाचा अभ्यास कसे म्हणता येईल? आणि खेळाडूंना खऱ्या लढाईचा निकाल आधीच ठाऊक असताना त्यात उरते काय?

उत्तर : दोन्ही शंका रास्त आहेत आणि या छंदातील गंभीर माणसे दीर्घकाळ त्यांच्याशीच झगडत आली आहेत.

आधी फाशांविषयी. आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियाच्या सैन्यात सापडतो. राइसवित्झ नावाच्या एका सरदाराने 1812 मध्ये राजाला भूप्रदेशाच्या तुकड्या जुळवून खेळता येईल असे टेबल सादर केले, आणि त्याच्या तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने 1824 मध्ये त्याला नवे रूप दिले. हा खेळ 1:8000 प्रमाणाच्या नकाशावर चालत असे, प्रत्येक चाल दोन मिनिटांच्या काळाची मानली जाई, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच बसत असे. खेळाडू लेखी हुकूम पंचाकडे देत. जे सैन्य शत्रूला दिसू शकेल तेवढेच पंच नकाशावर मांडत असे. गोळीबाराचे नुकसान फाशांनी ठरे. ज्या लोकांनी हे रचले ते प्रत्यक्ष युद्धात उतरणारे अधिकारी होते, आणि एकाच अंतरावरून एकाच तोफेचा मारा दोन वेळा सारखाच परिणाम करत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत होते. फासे न टाकता ठरावीक नुकसान धरले असते तर तो खेळ वास्तवापासून अधिक दूर गेला असता.

म्हणून प्रश्न फासे आहेत की नाहीत हा नसून ते कसे वापरले आहेत हा आहे. एकच फासा टाकला तर 1 ते 6 यांतील प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखी असते. दोन फाशांची बेरीज घेतली तर 36 शक्यतांपैकी 7 ही बेरीज सहा प्रकारे येते, 2 किंवा 12 मात्र प्रत्येकी एकाच प्रकारे. म्हणजे दोन फासे वापरणारा नियमकर्ता सांगत असतो की तुकडी बहुतेक वेळा अपेक्षेप्रमाणेच वागते, पण क्वचित ती अचानक पळते किंवा अचाट पराक्रम करते. मूठभर फासे टाकून 5 किंवा 6 आलेले तेवढे मोजायचे असतील तर बारा फाशांत सरासरी चार यशस्वी पडतात आणि नशिबाचे टोकाचे हेलकावे कमी होतात. मला स्वतःला असे खेळ अधिक आवडतात ज्यांत गोळीबार बऱ्यापैकी नेमस्त असतो आणि अनिश्चितता हुकुमांत असते: घोडदळाला पाठवलेला निरोप याच चालीत पोहोचेल की पुढच्या, सेनापतीचा हेतू ब्रिगेडच्या प्रमुखाला नीट कळेल की नाही. वाचनातून माझी अशी समजूत झाली आहे की लढाया बिघडल्या त्या नेमबाजीपेक्षा अशा दिरंगाईने आणि गैरसमजाने अधिक वेळा.

आता निकाल आधीच ठाऊक असण्याविषयी. ख्रिस्तपूर्व 216 मधील कॅनीची लढाई मांडली तर रोमन बाजूचा कोणताही खेळाडू मध्यभागी खोलवर घुसणार नाही, कारण हॅनिबलची मधली फळी मागे सरकून दोन्ही बगलांवरून आणि पाठीमागून कोंडी करणार हे त्याने वाचलेले असते. अमेरिकेच्या यादवी युद्धातील गेटिसबर्गच्या लढाईच्या तिसऱ्या दिवशी, 3 जुलै 1863 रोजी, सुमारे 12,500 माणसांना उघड्या शेतांतून जवळजवळ सव्वा किलोमीटर चालत पाठवण्याचा हुकूमही शहाणा खेळाडू देणार नाही. यावर चांगल्या यजमानांनी निरनिराळे उपाय काढले आहेत. कोणी लढाईचे नाव, देश आणि शतक बदलून तीच परिस्थिती मांडतो आणि खेळ संपल्यावरच मूळ लढाई उघड करतो. कोणी तुकड्यांच्या जागी कोरी कार्डे ठेवतो आणि त्यांतील काही कार्डांखाली काहीच नसते. कोणी वॉटर्लूच्या खेळात प्रशियन सैन्य नेमके केव्हा आणि कोणत्या दिशेने येईल हे फाशांवर सोडतो, म्हणजे फ्रेंच खेळाडूला खऱ्या दिवसासारखीच घालमेल अनुभवावी लागते.

माहिती झाकून ठेवल्याने खेळ किती खोल जाऊ शकतो याचे मला सर्वांत भावणारे उदाहरण छंदाबाहेरचे आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, ब्रिटिश नौदलाने लिव्हरपूल येथे वेस्टर्न अप्रोचेस टॅक्टिकल युनिट सुरू केले. कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखाली तेथे मुख्यतः नौदलाच्या महिला शाखेतील तरुणी काम करत होत्या. जमिनीवर खडूने मार्ग आखून छोटी जहाजे हलवली जात. व्यापारी जहाजांच्या ताफ्यांचे रक्षण करणारे अधिकारी आडपडद्यामागे बसत आणि समुद्रावर जेवढे दिसले असते तेवढेच त्यांना बारीक झरोक्यातून दिसे. जर्मन पाणबुड्या ताफ्यात नेमक्या कोठून शिरतात याचा उलगडा त्या जमिनीवरच होत गेला, आणि तेथे घडवलेले डावपेच अटलांटिकमध्ये वापरले गेले. मेळाव्यातील टेबलाकडून एवढी अपेक्षा कोणी करत नाही. पण जेथे यजमानाने काहीतरी झाकून ठेवले आहे ते टेबल शोधावे, असे मी आवर्जून सांगेन.

प्रश्न : टेबलावर वागण्याचे काही अलिखित संकेत असतात का?

उत्तर : असतात आणि ते थोडेच आहेत. परवानगीवाचून कोणाच्याही सैनिकाला हात लावू नये, आणि परवानगी मिळाल्यावर त्याला बैठकीला, म्हणजे पायाखालच्या चपट्या तुकड्याला, धरून उचलावे, भाल्याला किंवा संगिनीला धरून कधीही नाही. एकेका सैनिकाच्या रंगकामावर कित्येक संध्याकाळी खर्ची पडलेल्या असतात. पेयाचा पेला टेबलाच्या कडेवरही ठेवू नये. फासे त्यांच्या तबकातच टाकावेत, डोंगरांवर आणि सैन्यात नव्हे. अंतर मोजताना सैनिक आधी हलवून मग मोजू नये. नियमाविषयी वाद झाला तर यजमानाचा निर्णय त्या खेळापुरता अंतिम मानावा आणि चर्चा खेळानंतर करावी. आपली बाजू हरत आहे म्हणून मध्येच उठून जाणे हे मात्र खरोखर अक्षम्य आहे, कारण आपल्या मागे एक नेतृत्वहीन फळी आणि अडचणीत आलेले सहकारी उरतात.

प्रश्न : विक्रेत्यांच्या दालनात किती आणि काय घ्यावे? जुन्या सैनिकांची खरेदी सुरक्षित असते का?

उत्तर : पहिल्या दिवशी सैनिक घेऊच नयेत, असे माझे मत आहे. आधी एक-दोन खेळ खेळावेत, कोणता काळ आणि कोणता आकार आपल्याला रुचतो ते पाहावे, आणि जवळच्या माणसांपैकी कोणी त्याच काळाचे खेळ खेळते का याची चौकशी करावी. प्रतिस्पर्धी नसलेले सुंदर सैन्य कपाटातच राहते. घ्यायचेच असेल तर नियमावली घ्यावी, किंवा ज्यात लहान सैन्यावर खेळ भागतो असा मार्ग धरावा. प्राचीन आणि मध्ययुगीन युद्धांसाठी 1990 पासून खेळली जाणारी डीबीए ही नियमावली याचे चांगले उदाहरण आहे: प्रत्येक बाजूला फक्त 12 घटक, म्हणजे एकेका बैठकीवर बसवलेले सैनिकांचे छोटे गट, लागतात, आणि 15 मिमी आकारात सुमारे दोन फूट चौरस जागेत लढाई पूर्ण होते.

हौशी लोक आपले जुने सामान जेथे विकतात ते टेबल विक्रेत्यांच्या दालनाहूनही मोहक असते. तेथे रंगवलेले सैन्य घेताना बैठकींची मापे आपल्या नियमावलीशी जुळतात का, ते आधी पाहावे. उखडलेला रंग दुरुस्त करता येतो, पण दोनशे सैनिकांच्या बैठका बदलणे फार कष्टाचे असते. सुरक्षिततेविषयी आपली शंका योग्य आहे. जुन्या धातूच्या सैनिकांत शिसे असू शकते. त्यांना हाताळल्यावर हात धुवावेत, कानस लावताना उडालेला भुगा ओल्या फडक्याने पुसावा, आणि ते लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. रेझिनचे, म्हणजे ओतीव प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, सुटे भाग घासताना तोंडावर योग्य मास्क लावावा आणि पृष्ठभाग ओला ठेवावा, कारण त्याची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

प्रश्न : माझ्या बारा वर्षांच्या मुलीला इतिहासाची गोडी आहे आणि तिला मेळाव्याला यायचे आहे. पण युद्धाचा खेळ करणे, त्यातही दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्य कोणीतरी हौसेने हलवणे, हे मला खटकते. तिला न्यावे का?

उत्तर : आपल्याला खटकते हे योग्यच आहे, आणि ही टोचणी मुलीपासून लपवू नये. युद्धखेळात पराभूतांचे, आक्रमकांचे आणि अन्यायी राजवटींचे सैन्यही कोणीतरी चालवावे लागते, कारण समोर कोणी नसेल तर लढाईच उभी राहत नाही. त्या सैन्याची चाल ठरवणे आणि त्या राजवटीविषयी जिव्हाळा बाळगणे यांत मोठे अंतर आहे, आणि बहुतेक खेळाडू ते अंतर जाणतात. तरीही टेबल निवडताना आपण पारख करू शकता. यजमान प्रसंग समजावताना त्या गावातील रहिवाशांचे, कैद्यांचे, जखमींचे काय झाले ते सांगतो का? एखाद्या पथकाने केलेल्या अत्याचारांविषयी विचारल्यावर तो सरळ उत्तर देतो का? जेथे केवळ गणवेशाच्या आणि रणगाड्याच्या कौतुकात सारे बुडालेले दिसतील तेथून निःसंकोच पुढे जावे.

या छंदाच्या आरंभीच्या प्रवर्तकांतही हा विचार होता. लेखक एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये छोट्या सैनिकांच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले तेव्हा त्याच लेखनात खऱ्या युद्धाला त्यांनी कडाडून विरोध केला होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले, हे मी त्या नियमांचा उल्लेख करताना विसरू शकत नाही.

मुलीला जरूर न्या. कार्यक्रमपत्रिकेत वयाची अट असेल तर ती पाहा, चार तासांऐवजी दोन तासांचा खेळ निवडा, आणि शक्य झाल्यास तिच्याच बाजूने शेजारची तुकडी आपण घ्या. खेळ संपल्यावर तिच्या किती तुकड्या उरल्या याऐवजी तिच्या हुकुमामुळे किती माणसे कमी झाली असती, असा हिशोब तिच्याबरोबर मांडून पाहावा. एक सैनिक म्हणजे 20 माणसे हे प्रमाण तिला तेव्हा खऱ्या अर्थाने समजेल.

प्रश्न : काही मेळावे खेळून झाल्यावर आता स्वतः एक खेळ मांडावा असे वाटते. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : घड्याळापासून करावी. चार तास म्हणजे 240 मिनिटे. त्यांतील 20 मिनिटे नियम समजावण्यात आणि 20 मिनिटे शेवटच्या चर्चेसाठी राखली तर 200 उरतात. सहा अनोळखी खेळाडूंची एक चाल 25 मिनिटांत होते असे धरले तर आपल्याला आठ चाली मिळतात. आठ चालींत ज्या लढाईचा कल स्पष्ट होणार नाही ती मेळाव्यात मांडू नये, मग ती कितीही आवडती असो. सैन्ये एकमेकांच्या माऱ्याच्या जवळ मांडून सुरुवात करावी, म्हणजे पहिल्या तीन चाली नुसत्या चालण्यात जाणार नाहीत. राखीव दल उशिरा येणार असेल तर त्या खेळाडूला तोवर दुसरी एखादी तुकडी द्यावी. दोन तास नुसते बसून राहिलेला माणूस पुन्हा येत नाही.

नियम एका पानात बसवावेत आणि त्यांची चाचणी ज्यांना ती नियमावली माहीत नाही अशांवर घ्यावी, कारण आपल्या नेहमीच्या सोबत्यांना आपण न लिहिलेले नियमही ठाऊक असतात. शेवटच्या चर्चेची वीस मिनिटे कोणत्याही परिस्थितीत कापू नयेत. खरी लढाई कशी झाली ते तेव्हा नकाशासह सांगावे, आपण कोणता नियम कोणत्या पुराव्यावरून केला ते उघड करावे, आणि कोणत्या क्षणी खेळाडूला आपला निर्णय सेनापतीचा न वाटता नुसत्या फाशांचा वाटला ते प्रत्येकाला विचारून तेथेच लिहून घ्यावे. पुढच्या मेळाव्यापूर्वी दुरुस्त करायच्या नियमांची यादी त्यातूनच तयार होते.